जुना लॅपटॉप कुणाला देताय? 'डिलीट' केलं म्हणजे डेटा पुसला गेला असं नाही

भाच्याला कॉलेजसाठी, गावच्या शाळेला, ओएलएक्सवर विकायला किंवा थेट भंगारवाल्याकडे. जुना कॉम्प्युटर घराबाहेर जाण्याचे मार्ग बरेच आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. त्यामुळे विंडोज ११ ज्यावर चालत नाही असे अनेक धडधाकट लॅपटॉप आता कपाटातून बाहेर निघतायत.

देण्याआधी बहुतेक जण काय करतात? फोटो पेनड्राइव्हवर घेतात, फोल्डर डिलीट करतात, रिसायकल बिन रिकामा करतात. फार तर ओळखीच्या मुलाकडून 'फॉरमॅट मारून' घेतात आणि निश्चिंत होतात.

अडचण इथेच आहे. यातल्या बऱ्याच पद्धतींमध्ये डेटा डिस्कवरच राहतो आणि मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो.

तो डेटा फक्त तुमचाही नसतो. घरच्या कॉम्प्युटरमध्ये वडिलांच्या आधारचा स्कॅन असतो, आईच्या मेडिक्लेमचे कागद असतात, भाडेकराराच्या वेळी आलेलं भाडेकरूचं पॅन कार्ड असतं. तुम्ही सोसायटीचे खजिनदार असाल तर सगळ्या सभासदांचे फोन नंबर असतात. यातल्या कुणालाच तुम्ही लॅपटॉप कुणाला दिलात हे माहीत नसतं.

चांगली गोष्ट ही, की त्यासाठी हातोडा घेऊन डिस्क फोडायची गरज नाही. नीट पुसलेला कॉम्प्युटर दुसऱ्याला बिनधास्त देता येतो. कसा, ते पाहू.

डिलीट केल्यावर नेमकं काय होतं?

सोसायटीच्या जिन्याजवळ नावांचा बोर्ड असतो. समजा एखाद्या फ्लॅटचं नाव बोर्डवरून पुसलं. म्हणून फ्लॅटमधलं सामान गेलं का? नाही. नवा बिऱ्हाडकरू येऊन स्वतःचं सामान लावेपर्यंत जुनं सामान तिथेच असतं. फक्त बोर्डवर त्याची नोंद नसते.

हार्ड डिस्कचंही असंच आहे. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची एक यादी कॉम्प्युटर ठेवतो. रिसायकल बिन रिकामा केला की या यादीत 'ही जागा आता मोकळी आहे' एवढीच नोंद होते. फाइलमधला मजकूर जागेवरच राहतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं तरच तो जातो.

डेटा रिकव्हरी सॉफ्टवेअर यादीकडे बघतच बसत नाही. ते थेट 'फ्लॅट'मध्ये डोकावतं.

आणि फॉरमॅट मारला तर?

फॉरमॅटचे दोन प्रकार आहेत. 'क्विक फॉरमॅट' फक्त यादी नवी करतो. तो काही सेकंदांत संपतो, याचं कारण हेच. 'फुल फॉरमॅट' मात्र विंडोज व्हिस्टापासून संपूर्ण ड्राइव्हवर शून्यं लिहितो. त्याला तास लागतात, पण जुना डेटा खरोखर जातो. विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'ची खूण आधीपासूनच केलेली असते, त्यामुळे लक्ष दिलं नाही तर क्विकच होतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास घडते. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडलेले असतात. नवं विंडोज टाकताना अनेकदा फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो. 'डी'मधले लग्नाचे फोटो आणि 'ई'मधले बँकेचे कागद जसेच्या तसे राहतात. ते बघायला रिकव्हरी सॉफ्टवेअरही लागत नाही.

हे खरंच कुणी शोधतं का?

अमेरिकेतल्या एमआयटीचे सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या. नीट पुसलेल्या किती? फक्त १२. बाकीच्यांमध्ये पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती आणि ५ हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड नंबर सापडले. एक डिस्क तर एटीएममधली होती, तिच्यावर वर्षभराच्या व्यवहारांच्या नोंदी होत्या. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे जुनं झालं म्हणाल, तर दुसरं उदाहरण मोठ्या बँकेचं आहे. मॉर्गन स्टॅनलीने जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्क निकाली काढायचं काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं. डेटा नष्ट करण्याचा त्या कंपनीला अनुभवच नव्हता. यातली काही उपकरणं डेटासकट ऑनलाइन लिलावात विकली गेली. २०१७ मध्ये ओक्लाहोमातल्या एका आयटी सल्लागाराने बँकेला ईमेल करून कळवलं, की त्याने घेतलेल्या डिस्कवर बँकेचा डेटा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने बँकेला ३.५ कोटी डॉलरचा दंड केला. सुमारे १.५ कोटी ग्राहकांची माहिती जपण्यात बँक कमी पडली, असा ठपका होता.

दोन्ही उदाहरणांत हॅकिंग झालेलंच नाही. डिस्क रीतसर विकत घेतल्या गेल्या होत्या.

पुसण्याआधी ही कामं उरका

एकदा पुसलं की परत मिळणार नाही. म्हणून आधी हे करा:

१. बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. फाइल्स कॉपी झाल्या म्हणजे त्या उघडतातच असं नाही.

२. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डी आणि ई ड्राइव्ह तपासा. आउटलुकचे जुने मेल, टॅलीचा डेटा, मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी कागदपत्रं हमखास विसरली जातात.

३. सॉफ्टवेअरचं लायसन्स सोडवून घ्या. टॅलीचं लायसन्स 'सरेंडर' करावं लागतं.

४. अकाउंटमधून बाहेर पडा. फोनवर व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन तो कॉम्प्युटर काढा. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या उपकरणांच्या यादीतूनही काढा. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड तुम्हाला दुसरीकडे मिळतायत ना, हे आधी बघा.

५. सीडी ड्राइव्ह, मेमरी कार्डचा खाचा आणि यूएसबी पोर्ट बघा. डिजिटल सहीचं टोकन किंवा छोटं कार्ड तिथेच राहिलेलं असू शकतं.

हार्ड डिस्क आहे की एसएसडी?

हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दोघांची पुसायची पद्धत वेगळी आहे.

हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या चकत्या असतात आणि डेटा चुंबकीय पद्धतीने लिहिला जातो. एसएसडीमध्ये हलणारा भाग नसतो, पेनड्राइव्हसारख्या चिप असतात.

विंडोज १० आणि ११ मध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' टॅबवर जा. तिथे डिस्कच्या नावाखाली एचडीडी किंवा एसएसडी असं लिहिलेलं दिसतं. काही लॅपटॉपमध्ये दोन्ही असतात. तसं असेल तर दोन्ही पुसावे लागतील.

विंडोज असेल तर सगळ्यात सोपा मार्ग

कॉम्प्युटर चालू असेल आणि घरगुती वापराचा असेल, तर बहुतेकांना एवढं पुरतं.

१. चार्जर लावून ठेवा. बॅकअपची हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा.

२. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'सिस्टिम', मग 'रिकव्हरी' उघडा. विंडोज १० मध्ये 'सेटिंग्ज', मग 'अपडेट अँड सिक्युरिटी', मग 'रिकव्हरी'.

३. 'रिसेट' निवडा आणि पुढे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' हा पर्याय घ्या.

४. इथे बहुतेक जण 'नेक्स्ट' दाबून पुढे जातात. तसं करू नका. 'चेंज सेटिंग्ज'वर क्लिक करा.

५. 'क्लीन डेटा' हा पर्याय सुरू करा. एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर सगळ्या ड्राइव्हमधल्या फाइल्स पुसायच्या का, असंही विचारलं जातं. तिथेही 'येस' करा.

'क्लीन डेटा' सुरू केलं नाही तर रिसेटमध्ये फाइल्स फक्त काढल्या जातात, पुसल्या जात नाहीत. सुरू केलं तर काम काही तास चालतं. रात्री लावून ठेवलेलं बरं.

ही सोय सामान्य ग्राहकांसाठी आहे, सरकारी किंवा उद्योगांच्या मानकांत ती बसत नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. म्हणजे भाच्याला लॅपटॉप द्यायला ती चालेल, पण हॉस्पिटलचे कॉम्प्युटर विकायला नाही.

एसएसडी असेल तर आधी कुलूप लावा

हार्ड डिस्कवर एकाच जागी पुन्हा लिहिलं की जुनं जातं. एसएसडीत तसं होत नाही. चिपचे सगळे भाग सारखे झिजावेत म्हणून एसएसडी नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहिते आणि जुनी जागा नंतर सवडीने साफ करते. शिवाय तिच्यात काही जादा जागा राखून ठेवलेली असते, ती विंडोजला दिसतच नाही. त्यामुळे 'वरून शून्यं लिहिली' म्हणजे सगळीकडे लिहिली, अशी खात्री देता येत नाही.

२०११ मध्ये सॅन दिएगोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासलं. एसएसडीवरची एकेकटी फाइल पुसायच्या ज्या पद्धती त्यांनी वापरून पाहिल्या, त्यातली एकही भरवशाची ठरली नाही. संपूर्ण ड्राइव्हवर दोनदा लिहिलं तर बहुतेक वेळा डेटा गेला, पण प्रत्येक वेळी नाही.

म्हणून एसएसडीसाठी दुसरी युक्ती आहे. सगळा डेटा आधी एन्क्रिप्ट करायचा, म्हणजे कुलूपबंद करायचा, आणि मग किल्लीच नष्ट करायची. मागे काही तुकडे उरले तरी ते कुणाला वाचता येत नाहीत.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी 'बिटलॉकर' आहे. होम आवृत्तीत बऱ्याच नव्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं. नव्या मशिनवर ते आधीपासूनच सुरू असण्याची शक्यता आहे, सेटिंग्जमध्ये बघून घ्या. बिटलॉकर आता सुरू करत असाल तर 'फक्त वापरलेली जागा' हा पर्याय न घेता संपूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा, म्हणजे आधी डिलीट केलेल्या फाइल्सची जागाही कुलपात येते. ते १०० टक्के पूर्ण झालं की वर सांगितल्याप्रमाणे 'क्लीन डेटा'सह रिसेट करा.

आणखी पक्कं काम हवं असेल तर एसएसडीच्या आतच पुसण्याची आज्ञा असते. ती देण्यासाठी कंपन्यांची मोफत सॉफ्टवेअर आहेत, जसं सॅमसंगचं 'मॅजिशियन' किंवा क्रुशिअलचं 'स्टोरेज एक्झिक्युटिव्ह'. डेल आणि एचपीच्या ऑफिस वापराच्या अनेक लॅपटॉपमध्ये बायोसमध्येच 'डेटा वाइप' किंवा 'सिक्युअर इरेज' असा पर्याय मिळतो.

मॅक असेल तर

ॲपलची एम मालिकेतली चिप किंवा टी२ चिप असलेला मॅक असेल आणि त्यावर मॉन्टरे किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर काम अगदी सोपं आहे. सध्याच्या आवृत्त्यांमध्ये 'सिस्टिम सेटिंग्ज', मग 'जनरल', मग 'ट्रान्सफर ऑर रिसेट' उघडा आणि 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' निवडा. या मशिनमध्ये डेटा आधीपासूनच एन्क्रिप्ट केलेला असतो, त्यामुळे किल्ली पुसली की काम झालं.

जुन्या इंटेल मॅकवर आधी 'फाइलव्हॉल्ट' सुरू करून ते पूर्ण होऊ द्या. मग कमांड आणि आर ही बटणं दाबून मॅक सुरू करा आणि 'डिस्क युटिलिटी'तून डिस्क पुसा. कोणताही मॅक असो, ॲपल आयडीतून साइन आउट करून 'फाइंड माय' बंद झाल्याची खात्री करा. नाहीतर एम मालिकेतली किंवा टी२ चिप असलेला मॅक तुमच्या खात्याशी बांधलेला राहू शकतो आणि घेणाऱ्याला तो वापरता येत नाही.

हार्ड डिस्क एकदा पुसावी की ३५ वेळा?

इंटरनेटवर '३५ वेळा पुसा' असा सल्ला अजूनही फिरतो. तो पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून आला. त्या काळात वापरात असलेल्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्कसाठी मिळून ते ३५ टप्पे होते. आजच्या डिस्कसाठी ते सगळे करण्यात अर्थ नाही, असं गुटमन यांनीच नंतर स्पष्ट केलं. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही आजच्या चुंबकीय डिस्कवर एकदा पूर्ण लिहिणं साधारणपणे पुरेसं आहे.

विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तो चालू असताना फॉरमॅट करता येत नाही. हार्ड डिस्क पूर्ण पुसायची तर पेनड्राइव्हवरून सुरू होणारं 'डीबॅन' किंवा त्यापेक्षा नवं 'श्रेडओएस' वापरता येतं. दोन्ही मोफत आहेत. पण जोडलेली प्रत्येक डिस्क ही सॉफ्टवेअर पुसू शकतात, त्यामुळे बॅकअपची डिस्क आधी काढा. ती जोडलेली राहिली तर जुन्यासोबत नवंही जाईल. 'डीबॅन' एसएसडीसाठी वापरू नका.

वेळ किती लागेल? डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने लिहीत असेल तर १ टीबीला पावणेतीन तासांच्या आसपास. डिस्क बाहेर काढून जुन्या यूएसबी २.० पोर्टला जोडली असेल तर ८-९ तासही जातात.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर?

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. 'बंदच आहे, कोण काय बघणार' असं म्हणून तो भंगारात जातो. पण बंद पडलेला असतो तो मदरबोर्ड, स्क्रीन किंवा पॉवर सप्लाय. डिस्क अनेकदा ठणठणीत असते.

ती काढून घ्या. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे काही मिनिटांचं काम आहे, तुमच्यासमोर करून घ्या. यूएसबी केसिंगमध्ये घालून ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. तिथे 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून प्रत्येक भाग फुल फॉरमॅट करा. किंवा डिस्क स्वतःकडेच ठेवा आणि बाकीचा कॉम्प्युटर देऊन टाका.

काही नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये आणि अलीकडच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवरच पक्कं बसवलेलं असतं, ते काढता येत नाही. असं मशीन एन्क्रिप्ट केलेलं नसेल तर भंगारात देऊ नका, डेटा नष्ट करून देणाऱ्या अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्या.

डिस्कच बिघडली असेल तर मात्र ती फोडणं योग्य. हार्ड डिस्कच्या आतल्या चकत्या तुटल्या पाहिजेत, एसएसडीच्या चिपचे तुकडे झाले पाहिजेत. लॅपटॉपच्या काही हार्ड डिस्कमधल्या चकत्या काचेच्या असतात, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे हवेत. डिस्क जाळू नका, विषारी धूर होतो. फ्रिजवरचं चुंबक फिरवून हार्ड डिस्कचं काही होत नाही, आणि एसएसडीवर तर चुंबकाचा परिणामच होत नाही.

पुसलं गेलं का, हे कसं कळेल?

स्वतःच रिकव्हरी करून बघा. 'रिकुव्हा' आणि 'फोटोरेक' ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. पुसलेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून त्यातलं एक चालवा. रिसेट केलेल्या विंडोजवर सिस्टिमच्या फाइल्स आणि काही चित्रं सापडतील, ते ठीक आहे. तुमचा फोटो किंवा तुमचं एखादं पीडीएफ सापडलं, तर पुसायचं काम पुन्हा करावं लागेल.

दुकान, क्लिनिक किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही. पण डॉक्टर, सीए, क्लासवाले, पतसंस्था यांच्याकडे लोकांची माहिती कामासाठी आलेली असते. ती सुरक्षित ठेवणं आणि काम संपल्यावर पुसणं ही त्यांची जबाबदारी असल्याचं हा कायदा सांगतो. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतायत.

ऑफिसने जुनी मशिन नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरला द्यावीत आणि डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र घ्यावं. त्यावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर असला पाहिजे.

झेरॉक्स मशीन विसरू नका. ऑफिसच्या अनेक डिजिटल कॉपिअरमध्येही हार्ड डिस्क असते आणि कॉपी केलेले कागद तिच्यात साठू शकतात. अमेरिकेत ॲफिनिटी या आरोग्य योजनेने भाड्याची मशिन न पुसता परत केली. सीबीएस वाहिनीने त्यातलं एक विकत घेतलं, तेव्हा त्यात रुग्णांची माहिती निघाली. २०१३ मध्ये ॲफिनिटीला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली.

थोडक्यात

- डिलीट आणि क्विक फॉरमॅट: डेटा राहतो.
- चालू विंडोज लॅपटॉप: 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लीन डेटा', सगळ्या ड्राइव्हसाठी.
- एसएसडी: आधी एन्क्रिप्शन, मग रिसेट.
- नवा मॅक: 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'.
- बंद पडलेला कॉम्प्युटर: डिस्क काढून घेतल्याशिवाय देऊ नका.
- बिघडलेली डिस्क: फोडा आणि ई-कचऱ्यात द्या.

घरात कुणी जुना कॉम्प्युटर द्यायच्या तयारीत असेल तर त्यांना हे आधी पाठवा. एक रात्र मशीन चालू ठेवावं लागेल. सकाळी घेणाऱ्याला चालू लॅपटॉप मिळेल आणि घरच्यांचे कागद घरातच राहतील.